संमोहन आणि शिथिलीकरण : ताण हलका करण्याच्या घरच्या रीती

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाला लागून आबे फारियांचा पुतळा आहे. लांब झगा घातलेला धर्मगुरू दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर भान हरपल्यासारखी एक स्त्री मागे कलंडते आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली बसवला गेला. बाहेरगावचे पाहुणे तो पाहून हमखास विचारतात, ‘‘हा कोण मांत्रिक?’’ पुतळा आहेच तसा. त्या पसरलेल्या हातांतून काहीतरी शक्ती निघते आहे आणि समोरची बाई तिच्या अमलाखाली गेली आहे, असेच पाहणाऱ्याला वाटते.

फारियांनी मात्र नेमके उलटे सांगितले होते. माझ्या हातात काही नाही, जे घडते ते तुमच्या मनात घडते, हे त्यांच्या शिकवणुकीचे सार. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या बार्देशातल्या माणसाने मांडलेला हा विचार आज ताणतणाव आणि चिंता कमी करण्याच्या कामी कसा येतो, ते या लेखात सोप्या भाषेत सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही डॉक्टर नाही. वाचन, जाणकारांशी बोलणे आणि आपल्या सभासदांशी होणाऱ्या गप्पा यांतून जे हाती आले तेच येथे दिले आहे.

हा विषय आत्ताच का?

आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबांत आता ज्येष्ठांची संख्या जास्त आहे. मुले पुण्या-बंगळूरला, कुणाची आखातात, कुणाची जहाजावर. घर मोठे आणि माणसे दोन. रात्री फोन वाजला की आधी छातीत धस्स होते. डॉक्टरांच्या तपासण्यांचे कागद, गुडघे, मालमत्तेची रखडलेली कामे, सुनेची किंवा लेकीची अडचण, असे सगळे डोक्यात फिरत राहते. पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही.

विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘‘काही नाही हो, वयाचे.’’ किंवा घरचे म्हणतात, ‘‘तुम्ही उगाच विचार करता.’’ चिंता ही कमकुवत मनाची खूण आहे असे आपल्याकडे अजूनही मानतात. त्यामुळे माणूस एक तर गप्प बसतो, नाही तर शेजाऱ्याला दिलेली झोपेची गोळी आपणही घेऊ लागतो. काही जण कुण्या बाबाकडे जातात. या तिन्हींत नुकसान आहे. म्हणूनच हा विषय एकदा नीट समजून घ्यायला हवा.

कांदोळीचा मुलगा, पॅरिसचा आबे

जोझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ साली बार्देशातील कांदोळीचा. लहानपणीच ते वडिलांबरोबर लिस्बनला आणि पुढे रोमला गेले. तेथे शिकून धर्मगुरू झाले. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका गोव्यात घरोघरी सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देण्याची वेळ आली. समोरचा दरबारी थाट पाहून तरुण फारियांची वाचाच बसली. तेव्हा जवळच असलेले वडील हळूच कोकणीत म्हणाले, ‘‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’’ म्हणजे समोर बसलेले हे सगळे भाजीपाला समज आणि कापत सुट. एवढे ऐकले आणि भीती गेली, प्रवचन उत्तम झाले.

गोष्ट खरी की रचलेली, हा वाद बाजूला ठेवू. त्यातला मुद्दा मोठा आहे. दरबार तोच होता, राणी तीच होती. बदलली ती फक्त मनातली कल्पना, आणि त्याबरोबर शरीराची भीतीही ओसरली. योग्य वेळी, विश्वासाच्या माणसाने, आपल्या भाषेत सांगितलेले एक वाक्य एवढे करू शकते. यालाच ‘सूचना’ म्हणतात आणि संमोहनाचा सगळा डोलारा या सूचनेवर उभा आहे.

पुढे फारिया पॅरिसला स्थायिक झाले. त्या काळी युरोपात फ्रान्झ मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’चा बोलबाला होता. माणसांच्या अंगात एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि वैद्य हात फिरवून तो रोग्याकडे पाठवतो, असा मेस्मरचा दावा. फ्रान्सच्या राजाने १७८४ साली बेंजामिन फ्रँकलिन, लाव्हाझिए अशा नामवंतांची समिती नेमली. असा कोणताही द्रव नाही, जो परिणाम दिसतो तो कल्पनाशक्तीचा आहे, असा निर्वाळा समितीने दिला. विषय तेथेच मिटला असता. पण कल्पनाशक्तीने एवढा परिणाम होतो तर तीच नीट का वापरू नये, हा पुढचा प्रश्न शिल्लक होता.

फारियांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले. त्यांची रीत साधी होती. माणसाला आरामात बसवायचे, डोळे मिटून झोपेच्या विचारावर चित्त एकाग्र करायला सांगायचे आणि मग ठाम आवाजात म्हणायचे, ‘‘झोपा!’’ चुंबक नाही, हात फिरवणे नाही. ही अवस्था समोरच्याच्या एकाग्रतेतून आणि तयारीतून येते, असे ते सांगत. या अवस्थेला त्यांनी ‘जागृत निद्रा’ अशा अर्थाचे नाव दिले होते. पुढे त्यांची टवाळी झाली, त्यांच्यावर विनोदी नाटकही आले. १८१९ साली त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अलेक्झांडर द्युमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीतला कैदी फारिया या नावावरूनच आला. जगाला ती कादंबरी माहीत आहे, मूळ माणूस कमी.

१८४०च्या दशकात जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यविशारदाने या अवस्थेला ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेत ‘हिप्नॉस’ म्हणजे झोप. ही खरी झोप नाही, एकाच कल्पनेवर चित्त खिळण्याची अवस्था आहे, हे त्याच्या पुढे लक्षात आले आणि त्याने नाव बदलून पाहिले. पण जुने नाव लोकांच्या तोंडी बसले ते बसलेच. त्याच सुमारास, १८४५ साली, बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल हा डॉक्टर रुग्णांना अशा गुंगीत नेऊन शस्त्रक्रिया करत होता. भूल देणारी औषधे तेव्हा यायची होती. ती आल्यावर ही पद्धत मागे पडली. ब्रिटनच्या वैद्यकीय संघटनेने १९५५ साली आणि अमेरिकेच्या संघटनेने १९५८ साली संमोहनाला उपचारांतील एक साधन म्हणून मान्यता दिली.

संमोहन म्हणजे नेमके काय?

तुम्ही चांगले नाटक पाहताना रंगून जाता. शेजारचा खोकतो ते ऐकू येत नाही, रंगमंचावरच्या आईच्या रडण्याने तुमचेही डोळे भरतात. हे नाटक आहे हे ठाऊक असूनही शरीर खरे रडते. कीर्तनात, भजनात हाच अनुभव येतो. लक्ष एका जागी गोळा झाले, बाहेरचे आवाज मागे सरले आणि मन सांगितलेली गोष्ट सहज स्वीकारू लागले, की ती अवस्था संमोहनाच्या फार जवळची असते. तज्ज्ञ हीच अवस्था ठरवून आणतो आणि उपयोगी सूचना देतो.

या अवस्थेबद्दलचे काही गैरसमज दूर केले पाहिजेत.

पहिला, संमोहनात माणूस बेशुद्ध होतो. तसे नाही. आवाज ऐकू येतो, आपण कुठे आहोत हे कळते आणि बहुतेकांना नंतर सगळे आठवते.

दुसरा, संमोहनातून बाहेरच येता आले नाही तर? असे होत नाही. सांगणारा मध्येच उठून गेला तरी माणूस थोड्या वेळाने आपोआप डोळे उघडतो, किंवा साधी झोप लागून मग जागा होतो.

तिसरा, विसरलेले सगळे संमोहनात आठवते. हा गैरसमज धोक्याचा आहे. अशा अवस्थेत मन न घडलेल्या गोष्टीही घडल्यासारख्या रंगवते. ‘मागच्या जन्मीचे पाहू’ असे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून म्हणूनच लांब राहावे.

चौथा, सगळ्यांना सारखेच संमोहित करता येते. माणसामाणसांत फरक असतो. साधारण दहापैकी एक-दोघे फार सहज जातात, एक-दोघे जवळजवळ जातच नाहीत आणि बाकीचे मधले. याचा बुद्धीशी किंवा मनाच्या दुबळेपणाशी संबंध नाही.

आणि पाचवा, वर्तमानपत्रांत येतो तो. ‘संमोहित करून दागिने लांबवले’ अशी बातमी आपण वाचतो. रस्त्यात नजरेला नजर भिडवून कुणाला इच्छेविरुद्ध बांगड्या काढून द्यायला लावण्याची विद्या अस्तित्वात नाही. तेथे असते ती बोलबच्चनगिरी, हातचलाखी, घाई, भीती आणि कधी गुंगीचे औषध. फसलेल्या माणसाला ‘मला काही सुचलेच नाही’ असे वाटते ते खरे असते, पण ते भीतीमुळे. बँकेत पस्तीस-छत्तीस वर्षे काढलेल्या आम्हा लोकांना हे चांगले माहीत आहे, की घाबरलेला माणूस कागद न वाचता सही करतो. आजकाल ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने येणारे फोन याच भीतीवर चालतात. अशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवा, दोन मिनिटे सावकाश श्वास घ्या, घरच्यांना सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. शांत होण्याची सवय असलेल्या माणसाला ही दोन मिनिटे सापडतात, म्हणून ही सवय पैशाच्याही उपयोगाची आहे.

चिंतेत शरीराचे काय होते?

धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होते. ॲड्रेनलिन वाढते, हृदय जोरात धडधडते, श्वास उथळ आणि भराभर चालतो, स्नायू ताठ होतात, पोटाचे काम मंदावते. समोर साप असेल तर ही तयारी जीव वाचवते. पण समोर साप नसून मुलाचा न आलेला फोन असेल, तरी शरीर तीच तयारी करते. पळायचे तर कुठेच नसते. मग ती तयारी धडधड, घाम, मान आखडणे, पोटात गोळा, हातापायांना मुंग्या अशा रूपात अंगात साचते. त्या लक्षणांचीच पुन्हा भीती वाटते आणि चक्र सुरू होते.

हृदयाला किंवा पोटाला ‘शांत हो’ असा थेट हुकूम देता येत नाही. पण दोन दारे आपल्या हातात आहेत, श्वास आणि स्नायू. श्वास सावकाश केला, स्नायू सैल सोडले की शरीराची शांत करणारी यंत्रणा कामाला लागते आणि मागोमाग मनही निवळते. पुढच्या सगळ्या रीती या दोन दारांतून जातात. तिसरे दार कल्पनेचे, म्हणजे सूचनेचे.

पहिली रीत : लांब उच्छ्वास

खुर्चीत पाठ टेकून बसा. नाकाने मनात चार आकडे मोजत श्वास घ्या, पोट किंचित पुढे येऊ द्या. मग सहा आकडे मोजत सावकाश सोडा. मध्ये श्वास रोखू नका. एका मिनिटात असे साधारण सहा श्वास होतात. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस घेतो. पाच मिनिटे पुरेत. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार घ्या. सोडणे घेण्यापेक्षा लांब असावे एवढेच महत्त्वाचे. डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात, फेरीबोटीत, बँकेच्या रांगेत, कुठेही हे कुणाच्या लक्षात न येता करता येते.

दुसरी रीत : स्नायू आवळणे आणि सोडणे

अमेरिकेतील डॉ. एडमंड जेकबसन यांनी ही पद्धत बसवली, १९२९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचे निरीक्षण असे, की ताणात असलेल्या माणसाला आपले स्नायू ताठ आहेत हेच कळत नाही. आधी मुद्दाम आवळले की मग सैल म्हणजे काय ते कळते.

पुढचा मजकूर घरातल्या कुणीतरी हळू आवाजात वाचून दाखवावा किंवा मोबाईलवर स्वतःच्या आवाजात भरून ठेवावा. आपल्या भाषेतला, ओळखीचा आवाज असला की मन लवकर सैलावते.

‘‘अंथरुणावर किंवा आरामखुर्चीत सैल पडा. चष्मा काढून ठेवा. उजव्या हाताची मूठ हलकेच आवळा. एक, दोन, तीन, चार, पाच. सोडा. बोटांत येणारा सैलपणा बघत राहा. आता डावी मूठ. आवळा. सोडा. खांदे कानांकडे उचला. सोडा, खाली पडू द्या. डोळे घट्ट मिटा. सोडा. दात हलकेच दाबा. सोडा, जबडा सैल. पोट आत ओढा. सोडा. मांड्या आवळा. सोडा. पायांची बोटे आपल्याकडे ओढा. सोडा. आता सगळे अंग जड झाले आहे, अंथरुणाने ते पूर्ण पेलले आहे. काही करायचे नाही.’’

प्रत्येक ठिकाणी पाच मोजेपर्यंत आवळावे आणि सोडल्यावर दहा-पंधरा मोजेपर्यंत थांबावे. साऱ्याला काही मिनिटे लागतात. आवळताना श्वास रोखू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी आणि सांधे दुखणाऱ्यांनी अगदी हलके आवळावे, दुखरा भाग सोडून द्यावा. पायात गोळे येत असतील तर पोटऱ्या वगळाव्यात.

आपल्याकडचे शवासन आणि मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी प्रचारात आणलेली योगनिद्रा या रीतीच्या जवळच्या. त्यांत आवळणे नसते, लक्ष एकेका अवयवावरून फिरवायचे असते. ज्यांना ती सवय आहे त्यांनी तीच चालू ठेवावी, नवीन शिकण्याची गरज नाही.

तिसरी रीत : एक शब्द

हार्वर्डचे हृदयतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ध्यान आणि प्रार्थना करताना शरीरात काय बदल होतात ते मांडले. हृदयाची गती व श्वास मंदावतो, शरीराला लागणारा प्राणवायू कमी होतो. त्यांनी सांगितलेली कृती अशी. शांत बसा, डोळे मिटा, अंग सैल सोडा. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर एक छोटा शब्द मनात म्हणा. दुसरे विचार आले तर त्यांच्याशी भांडू नका, ‘असू दे’ म्हणून परत शब्दाकडे या. दहा ते वीस मिनिटे, दिवसातून एकदा किंवा दोनदा.

शब्द कोणताही चालतो. माणसाच्या श्रद्धेतला असला तर त्याला करायला बरे वाटते. आपल्या आजीने सोप्यावर बसून जपमाळ ओढली ती वेगळ्या हेतूने, पण शरीराला मिळणारी विश्रांती तीच. मात्र बेन्सन यांची एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे : ‘मला नीट जमते आहे का’ याची काळजी करायची नाही. किती माळा झाल्या याचा हिशेब ठेवणाऱ्यांनी या वीस मिनिटांपुरता तो बाजूला ठेवावा. आम्ही हिशेबात आयुष्य घालवलेली माणसे, आम्हाला हे सर्वांत कठीण जाते!

चौथी रीत : स्वसंमोहन

पहिल्या दोन रीती आठवडा-दोन आठवडे केल्यावर ही सुरू करावी. जर्मनीचे डॉ. योहान्स शुल्ट्झ यांनी १९३२ साली स्वतःला सूचना देण्याची एक पद्धत मांडली होती. ‘माझा हात जड झाला आहे’, ‘माझा हात उबदार झाला आहे’ अशी साधी वाक्ये मनात सावकाश म्हणायची. तिचाच आधार घेऊन पुढील पायऱ्या करता येतील.

१. सूचना आधी कागदावर लिहून ठेवा. ती एका वाक्याची, वर्तमानकाळातली आणि सरळ असावी. ‘मी घाबरणार नाही’ म्हटले की मनात आधी घाबरणेच येते. त्याऐवजी ‘माझा श्वास सावकाश चालला आहे, मी सुरक्षित आहे’ असे म्हणा.

२. बसा. समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित वर एका ठिपक्याकडे पाहत राहा. लांब उच्छ्वास चालू ठेवा. पापण्या जड झाल्या की मिटू द्या.

३. मनात दहापासून एकपर्यंत उलटे मोजा. प्रत्येक आकड्याला एक पायरी खाली उतरतो आहोत अशी कल्पना करा. देवळाच्या तळीच्या पायऱ्या, घराच्या मागच्या कुळागराची वाट, जे डोळ्यांसमोर सहज येईल ते.

४. खाली एक आवडती शांत जागा आहे. तेथला वास, गारवा, आवाज मनाने अनुभवा. पोफळींतून येणारा वारा, पाटाचे पाणी. दोन-तीन मिनिटे तेथे थांबा.

५. आता लिहिलेली सूचना सावकाश पाच-सहा वेळा म्हणा. ज्या प्रसंगाची धास्ती आहे, म्हणजे रक्ततपासणी, विमानप्रवास किंवा भाषण, तो प्रसंग आपण शांतपणे पार पाडतो आहोत असे पाहा.

६. एक ते पाच मोजत वर या. पाचला डोळे उघडा, हातपाय ताणा आणि लगेच उभे न राहता मिनिटभर बसून राहा.

पहिल्या चार-पाच दिवसांत ‘काहीच होत नाही’ असे वाटेल. ही आवर्ती ठेव आहे, पहिल्याच हप्त्याला व्याज विचारू नये. रोज ठरावीक वेळी पंधरा मिनिटे, असे निदान सहा आठवडे करावे. आणि मन शांत असतानाच सराव करावा. पोहायला कुणी पुरात शिकत नाही.

काय होईल, काय होणार नाही

या रीतींनी स्नायूंचा ताण, उथळ श्वास, झोप लागण्यातली अडचण, परीक्षेची किंवा तपासणीची धास्ती यांत बऱ्याच जणांना फरक पडतो. परीक्षेला बसणाऱ्या नातवंडांनाही पहिली आणि चौथी रीत शिकवण्यासारखी आहे. तज्ज्ञाकडून दिलेल्या संमोहनाचा उपयोग दंतोपचाराची भीती, शस्त्रक्रियेआधीची चिंता आणि वारंवार बिघडणाऱ्या पोटाच्या विकारात होतो. नेहमीच्या समुपदेशनाला जोड म्हणून ते अधिक उपयोगी ठरते.

पण कर्जाचा हप्ता, भावकीतला दावा किंवा घरातले भांडण यांनी सुटत नाही. प्रश्न सोडवायला लागणारे शांत डोके तेवढे मिळते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांना हा पर्याय नाही.

जपून कुणी राहावे?

छातीत दुखणे, दम लागणे, हात किंवा जबड्यात कळ येणे हे ‘टेन्शनमुळे’ म्हणून घरी श्वास मोजत बसू नये. १०८ला फोन करून रुग्णालय गाठावे. चिंतेसारखी लक्षणे थायरॉईड वाढल्याने, साखर उतरल्याने किंवा काही औषधांनीही होतात, म्हणून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

भास होणे, संशय येणे असे आजार असलेल्यांनी, फिट्स येणाऱ्यांनी आणि एखाद्या भयंकर प्रसंगाच्या आठवणी सतावणाऱ्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय संमोहन करू नये. काहींना डोळे मिटल्यावर उलट अस्वस्थ वाटते. त्यांनी डोळे उघडे ठेवून फक्त श्वासाची रीत करावी. शिथिलीकरणाचे ध्वनिमुद्रण गाडी चालवताना ऐकू नये.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. आमच्या वयात त्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. ज्यांना त्या चालू आहेत त्यांनी ‘आता बरे वाटते’ म्हणून एकदम बंदही करू नयेत. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात.

संमोहनासाठी कुणाकडे जायचे असेल तर तो माणूस आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे का, ते विचारा. दोन-तीन दिवसांचे शिबिर करून मिळालेले प्रमाणपत्र भिंतीवर असते, ते पुरेसे नाही. किती बैठका, किती फी, हे आधी ठरवून घ्या. ‘एका बैठकीत कायमचे बरे’, ‘गोळ्या बंद करा’, ‘घरच्यांना आत बसू देणार नाही’ असे म्हणणाऱ्याकडून उठून यावे. बँकेत सही करण्यापूर्वी जेवढी चौकशी आपण करतो, तेवढी येथेही करायला संकोच कशाला?

मदत मागण्याची वेळ

चिंता दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ रोज छळत असेल, जेवण-झोप उडाली असेल, देवळात किंवा मंडळात जाणेही नकोसे झाले असेल, कशातच रस वाटत नसेल, तर घरचे उपाय पुरेसे नाहीत. जगणे नको असा विचार एकदा जरी आला, तरी त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते, तेथे मराठीतही बोलता येते. गोव्यात बांबोळीला मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे, तेथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते. तेथे जाणे म्हणजे ‘वेड्यांच्या दवाखान्यात’ जाणे, ही जुनी समजूत आता सोडून द्यायला हवी. डोळ्यांना चष्मा लागला तर आपण लाजतो का?

घरच्यांसाठीही दोन शब्द. घरातले ज्येष्ठ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असतील, ‘‘पोचलास का? जेवलास का?’’ तर चिडू नका. ती चिंता बोलते आहे. वेळ ठरवून रोज पाच मिनिटांचा फोन केला तर दिवसभराचे दहा फोन वाचतात. आणि जमले तर वरचा शिथिलीकरणाचा मजकूर तुमच्या आवाजात भरून आईला, बाबांना, काकूला पाठवा. दूर असलेल्या मुलाच्या आवाजात ‘‘खांदे सैल सोडा, काही करायचे नाही’’ हे ऐकणे कोणत्याही विकतच्या ध्वनिफितीपेक्षा जास्त कामाचे आहे.

आपल्या सभासदांपैकी ज्यांना हे एकट्याने करायला कंटाळा येतो, त्यांनी मासिक सभेआधी अर्धा तास लवकर यावे. खुर्च्या असतातच, वाचून दाखवायला आम्ही आहोत. सैल कपडे घाला आणि फोन बंद ठेवा.